रेझ्युमे म्हणजे तुमची पहिली डेटा एंट्री

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. आमची एक जुनी विद्यार्थिनी अम्मीला घेऊन भेटायला आली. बी.कॉम. झालेली, एमएस-सीआयटी केलेली, इंग्रजी टायपिंगची ४० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी. घर इचलकरंजीचे, अब्बूंचा आठ मागांचा कारखाना. सूत व्यापाऱ्याचे, विणायची मजुरी यांना.

"सर, चौदा ठिकाणी रेझ्युमे पाठवला. डेटा एंट्री अ‍ॅनालिस्टच्या जागा होत्या. दोन महिने झाले, एकाचाही फोन आला नाही. आता अब्बू म्हणतात, बास झालं, घरात बस."

अम्मीने हळूच विचारले, "सर, हिच्या नशिबातच नसेल का?"

आम्ही कागद हातात घेतला. वर नाव, खाली मोबाईल नंबर. का कोण जाणे, त्या नंबरावर नजर अडकली. आम्ही म्हणालो, "बेटा, तुझा नंबर मोठ्याने वाच बघू." ती पाठ असलेला नंबर घडाघडा म्हणू लागली आणि मध्येच थांबली. कागदावर नऊच आकडे होते. ई-मेल पाहिला, तर तो सायबर कॅफेवाल्या मुलाचा. फॉर्म त्यानेच भरून दिला होता म्हणे. म्हणजे चौदापैकी कुणाला हिला बोलवायचे असते, तरी बोलावणार कुठे?

इथे आमचीही चूक सांगितली पाहिजे. हाच कागद तिने आधी आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता आम्ही तो वरून खाली सरकवला आणि "माशा अल्लाह, छान आहे" असे उत्तर देऊन मोकळे झालो. नमुनाही आमचाच. तीन वर्षांपूर्वी कुठून तरी मिळालेला एक रेझ्युमे आम्ही मुलांना झेरॉक्स करून वाटला होता. त्यातले "मला आव्हानात्मक पद हवे आहे" हे वाक्य तेव्हापासून किती मुलांच्या कागदावर जसेच्या तसे उतरले असेल, अल्लाह जाणे.

त्या दिवशी आम्ही तिघे दोन तास बसलो आणि कागद नव्याने लिहिला. त्या बैठकीत जे कळले, ते या महिन्याच्या लेखात मांडत आहोत. आपल्या घरातली पुष्कळ मुले-मुली याच कामासाठी अर्ज करतात.

काम नेमके काय असते?

डेटा एंट्री म्हणजे कागदावरची, फोनवरची किंवा दुसऱ्या फाइलमधली माहिती संगणकात नीट भरणे. दवाखान्याच्या नोंदी, कुरियरची पार्सले, बँकेचे फॉर्म, दुकानाचा माल, काहीही असेल. ऑपरेटर ती भरतो. अ‍ॅनालिस्ट म्हटले की काम एक पायरी पुढे जाते. भरलेली माहिती तपासायची, एकच नोंद दोनदा आली आहे का पाहायचे, रिकामे रकाने शोधायचे, चुका दुरुस्त करायच्या आणि शेवटी साहेबाला एका पानात सांगायचे की या आकड्यांतून काय दिसते. म्हणून जाहिरातीत टायपिंगबरोबर एक्सेल मागतात. 'अ‍ॅडव्हान्स एक्सेल' लिहिले असेल तर घाबरू नये. बहुतेक ठिकाणी सॉर्ट, फिल्टर, काउंटइफ आणि समइफसारखे फॉर्म्युले, व्हीलूकअप, पिव्होट टेबल आणि डेटा व्हॅलिडेशन एवढे हाताखालचे असावे, अशी अपेक्षा असते.

आता विचार करा. ज्या कामात अचूकपणाला सगळ्यात जास्त किंमत, त्या कामाच्या अर्जावर मोबाईल नंबर नऊ आकड्यांचा. समोरच्याने त्या मुलीचे काम पाहिलेले नाही. त्याने फक्त हा एक कागद पाहिला आहे. रेझ्युमे हीच तिची पहिली डेटा एंट्री आणि तीच चुकलेली.

नाव एकच, स्पेलिंग एकच

सुरुवात नावापासून. आपल्या समाजात हा प्रश्न मोठा आहे. दहावीच्या मार्कशीटवर 'शेख' एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पॅनवर तिसऱ्या. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे दोनच अक्षरांत. कुठे आडनाव पुढे, कुठे मागे. आम्ही शिक्षक मंडळी 'सरल' आणि 'यू-डायस प्लस'वर विद्यार्थ्यांची माहिती भरतो, तेव्हा शाळेच्या रजिस्टरमधले नाव आणि आधारवरचे नाव जुळवताना डोळे दुखून येतात.

रेझ्युमेवर दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच नाव लिहावे आणि ई-मेलमध्ये, फाइलच्या नावात, सगळीकडे तेच ठेवावे. कागदपत्रांत फरक असेल तर नोकरी लागेपर्यंत थांबू नये. आधार आणि पॅन मार्कशीटप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. नावच बदलायचे असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात तशी नोंद करता येते.

नावाखाली दहा आकडी मोबाईल नंबर, स्वतःचा ई-मेल आणि गावाचे नाव, एवढेच. ई-मेल साधा असावा, नाव आणि एखादा आकडा. 'प्रिन्स', 'एंजल' असले शब्द त्यात नकोत. पासवर्ड आपल्याच हातात हवा.

हा रिश्त्याचा बायोडाटा नाही

तिच्या जुन्या कागदावर उंची होती, रंग होता, अब्बूंचा व्यवसाय होता, भावंडे किती आणि त्यांत लग्न झालेली किती, तेही होते. आपल्याकडे बायोडाटा म्हटले की रिश्त्याचाच डोळ्यांपुढे येतो आणि मुले तोच साचा नोकरीला वापरतात. खाजगी नोकरीच्या रेझ्युमेत उंची, धर्म, लग्न, वडिलांचे उत्पन्न यांची गरज नाही. आधार आणि पॅन नंबर तर मुळीच लिहू नयेत, कारण हा कागद किती हातांतून फिरेल सांगता येत नाही. फोटो मागितला तरच द्यावा. सरकारी भरतीची गोष्ट वेगळी. तिथे ठरलेला फॉर्म असतो आणि त्यात विचारलेले सगळे भरावे लागते.

नवख्या उमेदवाराला एक पान पुरते. वर दोन-तीन ओळींत आपण कोण आणि काय करू शकतो, मग कौशल्ये, मग केलेले काम, मग शिक्षण आणि शेवटी भाषा.

मोजून लिहा

जुन्या कागदावर लिहिले होते: 'टायपिंगचा वेग चांगला, एक्सेलचे ज्ञान, मेहनती स्वभाव.' चांगला म्हणजे किती? वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही.

वेग मोजता येतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा उत्तीर्ण असाल तर भाषा आणि वेग लिहा: इंग्रजी मिनिटाला ४० शब्द, मराठी मिनिटाला ३० शब्द. प्रमाणपत्र जुने असेल तर आजचा वेग घरी तपासा. आधी न वाचलेला उतारा दहा मिनिटे टाइप करायचा, असे तीन दिवस, आणि तीनपैकी सर्वांत कमी आलेला आकडा लिहायचा. मुलाखतीत तिथेच टेस्ट घेतात. हात थरथरत असले तरी तो आकडा निघाला पाहिजे.

काही जाहिरातींत शब्दांऐवजी 'की डिप्रेशन' असते, म्हणजे तासाला किती वेळा बटण दाबले. कर्मचारी निवड आयोगाच्या डेटा एंट्री ऑपरेटरच्या काही पदांना तासाला ८,००० मागतात. पाच बटणांचा एक शब्द धरला तर हे मिनिटाला साधारण २७ शब्द झाले. मोठा आकडा वाचून आपली मुले मागे सरकतात. प्रत्यक्षात ४० शब्दांची परीक्षा दिलेल्याला तो वेग जड नाही.

अचूकपणाही मोजता येतो. शंभर नोंदी भरा, दुसऱ्या दिवशी मूळ कागदाशी ताडून पाहा. दोन चुकल्या तर ९८ टक्के. न तपासता '१०० टक्के अचूक' लिहू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना कमाई वाटतच नाही, ती म्हणजे भाषा. मराठी, हिंदी, उर्दू, थोडी इंग्रजी. मराठीत युनिकोडमध्ये टाइप करता येते, हे स्पष्ट लिहा. महाराष्ट्रात नोंदी भरणाऱ्या कितीतरी ठिकाणी ते लागते. उर्दू इनपेज किंवा युनिकोडमध्ये येत असेल तर तेही. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा संगणक डिप्लोमा केला असेल, तर त्यात संगणकाबरोबर हिशेबाचे काम आणि बहुभाषिक डीटीपी शिकलात, हे एका ओळीत सांगा. नुसत्या इंग्रजी आद्याक्षरांवरून समोरच्याला काही कळत नाही.

"अनुभव काहीच नाही, सर"

'अनुभव' या शब्दापुढे तिने 'फ्रेशर' लिहिले होते. आम्ही विचारले, "घरी कधी संगणकावर काही काम केलंस का?"

"नाही सर. फक्त अब्बूंचा हिशेब लिहिते."

फक्त! आम्ही खोदून विचारले, तेव्हा कळले ते असे. आठ माग, दोन पाळ्या. प्रत्येक पाळीला प्रत्येक मागाचे मीटर, कामगाराचे नाव, ताग्याचा नंबर ती एक्सेलमध्ये भरते. म्हणजे दिवसाला १६ नोंदी. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर ४००. हे दोन वर्षे चालू होते. कागदावर गुणाकार केला आणि तिला दाखवला: ९,६०० नोंदी. त्यावरून दर आठवड्याला कामगारांची मजुरी निघते. ती चुकली तर शनिवारी दारात भांडण.

अम्मी म्हणाली, "आणि ते तीन तागे सांग ना सरांना." एका महिन्यात मजुरी कमी आल्यासारखी वाटली, म्हणून हिने व्यापाऱ्याकडे पोहोचवलेल्या ताग्यांचे नंबर आणि त्याच्या हिशेबातले नंबर व्हीलूकअप लावून जुळवले. तीन तागे चलनावर होते, पण मजुरीत धरलेच नव्हते. अब्बूंनी चलन दाखवले, व्यापाऱ्याने मान्य केले, पैसे मिळाले.

आम्ही म्हणालो, "बेटा, यालाच अ‍ॅनालिस्टचं काम म्हणतात." मग 'फ्रेशर' खोडून असे लिहिले:

'कौटुंबिक यंत्रमाग व्यवसायाचे हिशेब, दोन वर्षे (विनावेतन). आठ मागांच्या उत्पादनाच्या सुमारे ९,६०० नोंदी एक्सेलमध्ये भरल्या. कामगारांच्या साप्ताहिक मजुरीचा तक्ता तयार केला. चलन आणि मजुरीचा हिशेब जुळवून सुटलेल्या तीन नोंदी शोधल्या.'

'विनावेतन' हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. जे आहे ते आहे, लपवायचे कशाला?

असे बिनमोलाचे म्हणून सोडलेले काम आपल्या कितीतरी घरांत सापडेल. कुणी मामांच्या मेडिकल दुकानाचा साठा लिहितो. कुणी जमातीच्या वर्गणीचे रजिस्टर सांभाळतो. कुणी टाळेबंदीत रेशन किट वाटताना मोहल्ल्यातल्या घरांची यादी केली होती. कुणी बचत गटाची वही लिहिते. किती नोंदी, किती दिवस, कशात आणि त्यातून काय निघाले, या चार प्रश्नांची उत्तरे लिहिली की अनुभवाची ओळ तयार होते.

अमानत

दुसऱ्या दिवशी अब्बूंचा फोन आला. आवाज जरा चढा होता. "सर, आमच्या धंद्याचे आकडे बाहेर कशाला? व्यापाऱ्याला कळलं तर सूत देणं बंद करेल."

त्यांचे म्हणणे रास्त होते. आम्ही त्यांना कागद वाचून दाखवला. त्यात व्यापाऱ्याचे नाव नव्हते, कामगाराचे नव्हते, मजुरीचा दर नव्हता, एका पैशाचा आकडा नव्हता. होते ते फक्त मुलीचे काम. आम्ही म्हणालो, "भाई, उद्या तिच्या हातात लोकांचे फोन नंबर, आजार, कर्जाचे हप्ते येतील. ती सगळी अमानतच. घरच्या धंद्याची अमानत जिने सांभाळली, ती दुसऱ्याचीही सांभाळेल." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे सर. पण नाव कुणाचं नको."

मुलांनीही हे ध्यानात ठेवावे. कामाचा पुरावा म्हणून जुन्या दुकानाची खरी फाइल मुलाखतीला नेऊ नये. खोटी नावे टाकून नमुन्याची फाइल तयार करावी आणि ती दाखवावी.

खोट्याचा रस्ता

तिचा एक चुलतभाऊ म्हणाला होता, "पुण्याच्या कंपनीचं दोन वर्षांचं अनुभवपत्र मिळतं, पैसे दिले की झालं." अशी पत्रे मिळतात, हे खरे. पण मोठ्या कंपन्या जुन्या ठिकाणी चौकशी करतात आणि पीएफच्या यूएएन नंबरवर कुठे किती दिवस नोकरी केली हे दिसते. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी खोटे उघडे पडले, तर नोकरी जाते आणि नावाला डाग लागतो तो वेगळाच. पकडले गेले नाही, तरी खोट्या कागदावर उभी राहिलेली रोजी हलाल कशी म्हणायची? जिच्याजवळ ९,६०० खऱ्या नोंदी आहेत, तिने खोटे पत्र विकत घ्यावे, याहून तोट्याचा सौदा कोणता?

पाठवण्याआधी

कागद साधा ठेवा. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी संगणक वाचतो आणि जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का ते पाहतो. रंगीत चौकटी, चित्रे, तक्ते यांत लिहिलेला मजकूर त्याला नीट वाचता येत नाही. जाहिरातीत 'एमआयएस रिपोर्ट' शब्द असेल आणि ते काम तुम्हाला खरोखर येत असेल, तर तोच शब्द वापरा. येत नसेल तर लिहू नका. फाइल पीडीएफमध्ये आणि तिला स्वतःचे नाव. नुसते 'न्यू रेझ्युमे फायनल २' नको. ई-मेलच्या विषयात पदाचे नाव आणि मजकुरात तीन-चार ओळी: कोणत्या जागेसाठी, आपल्याला काय येते, कधीपासून येऊ शकतो.

मग तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला द्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण आपण पाठ असलेले वाचतो. फोन नंबर वाचणाऱ्याने स्वतः लावून बघावा. घंटी वाजली की कागद पास.

आणि पालकांनो, एक इशारा. घरबसल्या डेटा एंट्री, महिन्याला मोठी रक्कम, फक्त नोंदणीचे दोन-तीन हजार भरा, असे मेसेज येतात. काही जण आधी करारावर सही घेतात, मग 'चुका जास्त झाल्या' म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालून पैसे उकळतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही. मागितले की तिथेच थांबा. फसवणूक झालीच तर गप्प बसू नका, मुलीवर रागावू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.

पुढे काय झाले

नवा कागद तिने नऊ ठिकाणी पाठवला. तीन फोन आले. एका ठिकाणी रात्रपाळी होती, ती तिने स्वतःच नाकारली. दुसऱ्या ठिकाणी टेस्टमध्ये कमी पडली, पिव्होट टेबल वेळेत जमले नाही. घरी येऊन तिने पंधरा दिवस तेवढाच सराव केला. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी कागद पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "हे तीन तागे सापडले कसे?" ती दहा मिनिटे बोलत होती. मग एक गोंधळलेली फाइल दिली, तीत एकच नाव तीन-तीन स्पेलिंगने होते. आपल्या घरात हे बघतच ती वाढलेली. तिथे तिला तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतले आहे. पगार फार मोठा नाही, पण वेळ दिवसाची आहे आणि काम शिकायला मिळते आहे. अल्हम्दुलिल्लाह.

येत्या रविवारी आपल्या मुला-मुलींना जवळ बसवा. एक वही घ्या आणि त्यांनी आजवर घरासाठी, दुकानासाठी, मोहल्ल्यासाठी जे जे लिहिले, मोजले, जुळवले, ते त्यांच्याकडून विचारून घ्या. त्यांना ते आठवणार नाही, कारण आपणही कधी ते काम धरले नाही.

परवा तिच्या अब्बूंचा पुन्हा फोन आला. आम्हाला वाटले, शुक्रिया म्हणायला असेल. ते म्हणाले, "सर, तिची नोकरी चांगली चाललीय. पण आता हिशेब लिहायला माणूस ठेवावा लागणार. किती पगार द्यावा?"